'ब्रिमफुल ऑफ आशा': ब्रिटिश रेडिओनं रीमिक्सच का उचललं? आणि रीमिक्सवाल्याला पैसे मिळतात का?

खर्जातला_मनू:

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा', आपल्या आशाताईंवरचं गाणं, ते बहुतेकांनी ऐकलंय ते नॉर्मन कुकच्या म्हणजे फॅटबॉय स्लिमच्या रीमिक्समधूनच. मी पण त्यातलाच. परवा मूळ अल्बमवालं नीट हेडफोन लावून ऐकलं तर ते एकदम वेगळंच निघालं, आरामात डुलत डुलत चालतं, गिटारची तीच तीच चाल फिरत राहते, त्यांचा गायक तजिंदर सिंग गातोय कमी आणि गप्पा मारल्यासारखं जास्त बोलतोय, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडलं. पण हेच मूळ गाणं १९९७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या चार्टवर ६० नंबरला जाऊन गपगार झालं आणि १९९८ च्या फेब्रुवारीत रीमिक्स थेट १ नंबर. शब्द तेच, गायक तोच. मग सहा महिन्यांत तिकडच्या रेडिओला असा काय साक्षात्कार झाला? माझा मित्र म्हणतो लेबलनं म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं पैसा ओतला असणार, बाकी काही नाही.

आणि दुसरं, रेडिओवर रीमिक्स वाजलं की दर वेळी रीमिक्स करणाऱ्याला रॉयल्टी मिळते का? मित्राच्या मते कुक नुसता बसून खात असेल त्याच्यावर. पटत नाहीये मला.

तबकडीवाला_काका:

मनू, मित्राला सांग की ते लेबल म्हणजे विजा रेकॉर्ड्स, छोटंसं इंडी म्हणजे स्वतंत्र लेबल, लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्डच्या दुकानाच्या पोस्टकोडवरून नाव पडलेलं. ओतायला पैसा असता तर मूळ गाणं साठावर कशाला अडकलं असतं?

तू समजतोयस की रेडिओनं मूळ गाणं टाकून दिलं होतं, ते तसं नाहीये. बीबीसी रेडिओ १ वर रात्रीच्या कार्यक्रमात जॉन पील ते वाजवत होता आणि त्याच्या श्रोत्यांनी वर्षाअखेरीच्या 'फेस्टिव्ह फिफ्टी' यादीत १९९७ साली पहिल्या नंबरला तेच गाणं निवडलं, मूळचं, रीमिक्स नव्हे. म्हणजे ६० नंबरवर मेलेलं गाणं त्याच वर्षी त्याच स्टेशनवर रात्रीच्या लोकांचं सगळ्यात लाडकं गाणं होतं. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे बघ, रेडिओ १ हे नावाला एक स्टेशन असलं तरी आत दोन होती आणि अजून आहेत. रात्री आणि वीकएंडला स्पेशालिस्ट शो असतात, तिथे डीजे स्वतःच्या आवडीनं गाणी निवडतो, पील असो की शुक्रवारी संध्याकाळी डान्स वाजवणारा पीट टाँग, याचा 'इसेन्शियल सिलेक्शन' १९९१ पासूनचा. दिवसा मात्र डीजेच्या हातात फारसं काही नसतं. दिवसाची गाणी प्लेलिस्टवरून येतात, दर आठवड्याला स्टेशनचे प्रोड्यूसर आणि संगीत विभागाचे लोक मीटिंगला बसतात, गाण्यांचे तुकडे ऐकतात आणि कोण ए लिस्टवर, कोण बी वर, कोण बाहेर ते ठरवतात. ए लिस्टवर गेलं की सकाळी ऑफिसला जाताना, दुपारी, परत संध्याकाळी घरी येताना, तेच गाणं कानावर. रात्री एकदा वाजणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक.

मूळ गाणं रात्रीच्या दाराशीच थांबलं. कुकनं दिवसाचं दार उघडलं एवढंच. आणि वेळही बरोबर सापडली, मॅथ्यू बॅनिस्टर १९९३ मध्ये रेडिओ १ चा कंट्रोलर झाला तेव्हापासून जुने मुरलेले डीजे एकेक करून बाहेर पडले होते, स्टेशनला तरुण श्रोता हवा होता, डान्स म्युझिक क्लबातून निघून भर दुपारी वाजायला लागलं होतं. कुक तर तेव्हा ब्रायटनचा हिरो, 'बिग बीट' हा दणदणीत ड्रमचा डान्स प्रकार त्याच्याच गल्लीतला. हे लक्षात घे की तो कोणी नवखा नव्हता, हाउसमार्टिन्स बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, १९९० मध्ये बीट्स इंटरनॅशनल नावानं १ नंबर देऊन झालेला होता, दिवसाच्या रेडिओला काय लागतं हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

आणि तो १ नंबर काय लोकांमध्ये मिळवला ते पण बघ, आधीच्या आठवड्यात वर होती सेलीन डियोन, टायटॅनिकवालं गाणं, नंतरच्या आठवड्यात मॅडोना. मधला एक आठवडा आशाताईंचा.

रुसलेली_रेकॉर्ड:

मला एकटीलाच ते रीमिक्स डोक्यात जातं का? मूळ गाण्यात जी ऐट आहे, ऑल इंडिया रेडिओ काय, रफी काय, लताबाई काय, सगळी जुनी तबकड्यांची दुनिया आठवत आठवत चाललेला माणूस आहे, त्याला उचलून पळत्या गाडीत बसवलंय. पार्टीत लोक नाचतात आणि निम्म्यांना आशा कोण तेच माहीत नसतं.

ऑसिलेटर:

@रुसलेली_रेकॉर्ड असू दे ना, दोन्ही राहतात की, मूळ काही कोणी पुसून टाकलं नाही.

मनू, मी थोडंफार रीमिक्सिंग करतो त्यामुळे त्या अंगानं सांगतो. दोन्ही एकामागोमाग एक लावून फक्त पहिलं अर्ध मिनिट ऐक. मूळचं अल्बमवालं पाच मिनिटांच्या वर आहे आणि त्याला कसलीच घाई नाही. कुकनं पहिलं काम काय केलं तर वेग वाढवला, आणि वेगाबरोबर सूर पण वर सरकला, त्यामुळे तजिंदरचा आवाज जरा पोरगेलासा, हसरा झालाय. त्या काळात अकाई कंपनीचे सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारी यंत्रं, असायचे, कुक ते आणि अटारीचा कॉम्प्युटर वापरायचा, त्यात आवाज जोरात पळवला की सूर आपोआप चढतो. टाइमस्ट्रेच म्हणून सोय होती, सूर तोच ठेवून वेग बदलायची, पण जास्त ताणलं की आवाजाला पत्र्यासारखी किणकिण यायची. इथे सूर चढलाय तोच गाण्याचा गोडवा झालाय, आणि वर गिटारचा गोडसर तुकडा, खाली दणदणीत ड्रम. धृवपदाचे शब्द मूळमध्ये वाट बघायला लावून येतात, इथे सुरुवातीपासूनच कानावर आपटतात.

आता रेडिओच्या बाजूनं. क्लबसाठीच्या मिक्सला सुरुवातीला नुसते ड्रम लागतात, सोळा बार, बत्तीस बार, कारण पुढच्या डीजेला दोन गाण्यांचा ठेका जुळवायचा असतो. रेडिओवर तीच सुरुवात म्हणजे मरण, ऐकणारा स्टेशन बदलतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक डान्स सिंगलच्या दोन आवृत्त्या निघतात, लांब क्लब मिक्स आणि साधारण साडेतीन-चार मिनिटांची रेडिओ एडिट. ब्रिमफुलचं पण तेच, लांब आवृत्ती आठ मिनिटांच्या वर, रेडिओवालं चारच्या आसपास. लोकांना वाटतं एडिट म्हणजे शेवट कापायचा फेड करून टाकायचा. तसं केलं की गाणं लंगडं होतं, एडिट करताना आख्खी रचनाच नव्याने लावायला लागते, कुठला बिल्डअप म्हणजे चढत जाणारा भाग अर्धा करायचा, ब्रेक म्हणजे ठेका थांबतो ती जागा किती सेकंद सहन होईल, वगैरे. माझा तर निम्मा वेळ त्यातच जातो.

मिडलंड्सवाली_मेधा:

मनू, तुझ्या पैशाच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाहीये अजून, मी घालते. मी इंग्लंडात एका छोट्या कम्युनिटी स्टेशनवर काही वर्षं शो करत होते, त्यामुळे हे कागद हाताखालून गेलेत.

ब्रिटनमध्ये गाणं रेडिओवर वाजलं की दोन वेगळ्या वाटांनी पैसे जातात. एक पीआरएस, हे गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या पब्लिशरचे, म्हणजे 'गाणं' ज्यांनी लिहिलं त्यांचे. दुसरं पीपीएल, हे 'रेकॉर्डिंग'चे, म्हणजे लेबलचे आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे. ब्रिमफुल लिहिलं एकट्या तजिंदर सिंगनं. त्यामुळे रीमिक्स कितीही वेळा वाजलं तरी पीआरएसची वाट त्याच्याकडेच जाते, रीमिक्स करणाऱ्याकडे नाही. रीमिक्स करणाऱ्याला साधारणपणे लेबल एकरकमी फी देतं आणि तयार झालेलं रेकॉर्डिंग लेबलच्याच मालकीचं राहतं. नाव मोठं असेल तर तो विक्रीवर टक्का मागून घेतो, ते ज्याच्या त्याच्या करारावर. गीतकारीत वाटा मात्र मूळ लेखकानं राजीखुशीनं दिला तरच. पीपीएलमध्ये जरा फट आहे, रीमिक्सवाल्यानं नवीन काही वाजवलं असेल, प्रोग्रॅम केलं असेल, तर तो त्या रेकॉर्डिंगवर कलाकार म्हणून नाव लावू शकतो, पण ते स्वतः जाऊन नोंदवायला लागतं, कोणी घरी आणून देत नाही.

थोडक्यात त्या रीमिक्सच्या रेडिओवर वाजण्यानं ज्याचा मोठा फायदा झाला तो बहुतेक मूळ गाणं लिहिणाराच. म्हणजे रुसलेल्या रेकॉर्डताईंनी रागवायचं तेवढं रागवावं, पण तजिंदरचं नुकसान झालं असं काही मला वाटत नाही.

आता यात घोळ कुठे होतो ते सांगते, कारण हे बाहेर कोणाला दिसतच नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगला स्वतःचा आयएसआरसी कोड असतो, मूळला वेगळा, रीमिक्सला वेगळा, रेडिओ एडिटला पण वेगळा. स्टेशन काय वाजवलं त्याची यादी पाठवतं तेव्हा तो कोड आणि आवृत्तीचं नाव बरोबर असायला पाहिजे. आमच्या स्टेशनच्या कॉम्प्युटरमध्ये वर्षानुवर्षं कोणीतरी सीडीवरून गाणी चढवलेली, नाव फक्त गायक आणि गाणं, पुढे कंसात रीमिक्स कोणाचं ते लिहायचा कंटाळा. परिणाम काय, वाजतंय रीमिक्स आणि हिशेबात जातंय मूळ. एका स्थानिक पोरानं केलेलं रीमिक्स आम्ही बरेचदा लावलं आणि त्याच्या स्टेटमेंटवर आमच्या स्टेशनचं नावच आलं नाही, तेव्हा सगळं खोदून काढलं. तो बिचारा आम्हालाच खोटारडे समजत होता.

आणि ऑसिलेटरनं सुरुवातीबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के. स्टुडिओत प्लेआउटच्या स्क्रीनवर प्रत्येक गाण्यासमोर आकडा असतो, गायकाचा आवाज यायला किती सेकंद. गाणं सुरू झालं की तो आकडा उलटा मोजत शून्यावर येतो आणि निवेदक त्या सेकंदांत वेळ, हवामान, स्टेशनचं नाव सगळं बोलून बरोबर आवाज यायच्या क्षणी गप्प होतो. दहा-बारा सेकंद असले की सगळे खूश. शून्य असलं की बोलायला जागाच नाही, आणि चाळीस असले की इतका वेळ बोलायचं काय? शेवटाचं पण तसंच, गाणं फेड होतं की धाडकन संपतं ते लिहिलेलं असतं, कारण पुढे तासाच्या ठोक्याला बातम्या गाठायच्या असतात. निवेदकांना काही गाणी का आवडतात याचं कारण बरेचदा एवढंच असतं, गाणं चालवायला सोपं आहे.

भांगडा_ब्रिगेड:

बाली सागूचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून आलो. बर्मिंगहॅमचा गडी. १९९४ मध्ये 'बॉलिवूड फ्लॅशबॅक' काढला, जुनी हिंदी सिनेमाची गाणी नव्या बेसलाइनवर, आशाताईंचं 'चुरा लिया' पण त्यात आहे, फक्त आवाज त्यांचा नाही, नव्या गायिकेकडून परत गाऊन घेतलंय. हा पण रीमिक्स प्रोजेक्टच, पण त्याचा रेडिओचा रस्ता वेगळा. एशियन लोकांचं स्वतःचं रेडिओविश्व तिकडे आधीच उभं होतं, लंडनला सनराइज रेडिओ १९८९ पासून, बीबीसीचं एशियन नेटवर्क लेस्टरच्या स्थानिक कार्यक्रमांतून वाढलेलं. तिथे बाली सागू राजा होता. पण सनराइजवर वर्षभर वाजलं तरी रेडिओ १ च्या मीटिंगमध्ये त्याची दखल घ्यायला कोणी बांधील नव्हतं. १९९६ मध्ये त्याचं 'दिल चीज' ब्रिटनच्या चार्टवर १२ नंबरला गेलं तेव्हा ती भिंत जराशी हलली, तेही सोनीसारखी मोठी कंपनी मागे असताना.

पंजाबी एमसी बघा, कॉव्हेंट्रीचा. 'मुंडियां तों बच के' १९९८ च्या अल्बममधलं. ब्रिटनच्या चार्टवर ५ नंबरला कधी आलं तर २००३ च्या जानेवारीत! मधली वर्षं क्लबात वाजत राहिलं, २००२ मध्ये जर्मनीत धुमाकूळ घातला, मग घरच्यांना कळलं. आणि अमेरिकन रॅपर जे-झीवालं रीमिक्स तर त्याच्यानंतर. म्हणजे काका म्हणतात तो रात्र-दिवसाचा हिशेब बरोबरच आहे पण आपल्या लोकांच्या गाण्याला त्याआधी अजून एक उंबरठा होता, कुठल्या भाषेत गातोय हा. कॉर्नरशॉपचं गाणं इंग्लिशमध्ये होतं हे विसरू नका, आशाताईंवर असलं तरी.

तबकडीवाला_काका:

ब्रिगेड, मान्य. भाषेचा मुद्दा माझ्याकडून राहिला आणि तो लहान नाही.

खर्जातला_मनू:

अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मेधाताई, मित्राला तुमचा मेसेज जसाच्या तसा पाठवलाय, अजून उत्तर नाही, बघू.

अजून एक विचारतो, मग थांबतो. माझा एक भाचा मँचेस्टरला शिकतोय, घरी लॅपटॉपवर हाउस-गॅराज असलं डान्स म्युझिक करत असतो. त्यानं एका गाजलेल्या गाण्याचं रीमिक्स केलंय, परवानगी वगैरे काही नाही, नेटवरून कोणीतरी वेगळा काढलेला आवाज घेतला आणि खाली आपलं बांधलं. चांगलं झालंय हो, मामा म्हणून नाही म्हणत. त्याला रेडिओवर द्यायचंय. काही वाट आहे का, की असं करणंच गुन्हा?

ऑसिलेटर:

मनू, याला बूटलेग म्हणतात आणि तिकडचं अर्धं डान्स म्युझिक असल्याच उद्योगातून वर आलंय. रिचर्ड एक्सचं उदाहरण बघ, त्यानं गॅरी न्यूमनच्या जुन्या सिंथच्या गाण्यावर गायिका अडीना हॉवर्डचा आवाज चढवून एक बूटलेग केलं, पांढऱ्या लेबलच्या म्हणजे नाव न छापलेल्या तबकड्यांवर गुपचूप फिरलं. एक्सएफएम स्टेशनवर एडी टेम्पल-मॉरिसचा शो होता तो असले बूटलेग बिनधास्त वाजवायचा. पुढे अधिकृत काढायची वेळ आली तेव्हा अडीनाचा आवाज वापरायची परवानगी मिळेना, मग शुगाबेब्स या मुलींच्या ग्रुपकडून तेच परत गाऊन घेतलं आणि २००२ मध्ये ते १ नंबरला गेलं. तर वाट आहे. पण बूटलेग म्हणून वाजणं आणि अधिकृत निघणं यात परवानगीचा मोठा खड्डा आहे, तिथे गाण्याचा मालक आणि रेकॉर्डिंगचा मालक, दोघांनी हो म्हणायला लागतं. एकानं म्हणून भागत नाही.

पायरेट स्टेशनचे दिवस तर वेगळेच होते, किस एफएम १९८५ ला बेकायदा सुरू झालं आणि १९९० ला लायसन्स घेऊन सरळ झालं, रिन्स एफएम १९९४ पासून टॉवर ब्लॉकच्या गच्चीवर एरियल लावून चालायचं, त्याला लायसन्स मिळालं २०१० मध्ये. तिथे कोणी परवानगीचा कागद मागत नव्हतं. डबप्लेट कापायची, म्हणजे अॅसिटेटची एकच तबकडी, ती पण थोड्याच दिवसांत झिजून खरखरायला लागायची, आणि डीजेच्या हातात द्यायची. आता असं कोणी करत नाही फारसं.

मिडलंड्सवाली_मेधा:

भाच्याला सांग, ते बूटलेग बीबीसी इंट्रोड्यूसिंगच्या, म्हणजे बीबीसीच्या नवोदितांसाठीच्या उपक्रमाच्या, अपलोडरवर टाकू नकोस, तिथे स्वतःच्या हक्काचंच संगीत द्यायचं असतं. त्यापेक्षा स्वतःचं एक ओरिजिनल गाणं तिथे टाकू दे, नवीन मुलांची गाणी स्थानिक बीबीसी स्टेशनवाले खरोखर ऐकतात आणि आवडलं तर वर पाठवतात. आणि रीमिक्सचीच हौस असेल तर त्याच्यासारख्याच नवीन गायक-बँडना गाठू दे, त्यांच्याकडून आवाजाची फाइल रीतसर घ्यायची, दोघांत चार ओळींचा ईमेल, कोणाचं काय, फी की वाटा, एवढं लिहून ठेवायचं. त्या बँडलाही बरं, एकाच गाण्यावर दुसऱ्यांदा रेडिओकडे जायला निमित्त मिळतं. प्लगर लोक, म्हणजे गाणी घेऊन स्टेशनांच्या मागे फिरणारे, ते तर हेच करतात, पहिल्या आवृत्तीला नाही म्हणाले की तीन महिन्यांनी रीमिक्स घेऊन परत हजर.

पाठवताना वॅव्ह फाइल, रेडिओ एडिट आणि लांब मिक्स दोन्ही, शिव्या असतील तर त्या काढलेली प्रत वेगळी, आणि फाइलच्या नावात आवृत्ती आणि रीमिक्स करणाऱ्याचं नाव. पाठवायचं स्पेशालिस्ट शोच्या डीजेला, दिवसाच्या निवेदकाला पाठवून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. आणि एका वेळी पन्नास जणांना एकच ईमेल नको, आम्ही असले न उघडताच उडवायचो.

खर्जातला_मनू:

पाठवलं त्याला सगळं. त्याचं पहिलं उत्तर, "मामा रेडिओ एडिट करायलाच पाहिजे का, माझा इंट्रो दीड मिनिटाचा आहे."

ऑसिलेटर:

दीड मिनिट?? मला फाइल पाठवायला सांग त्याला, मी कापून दाखवतो.